‘कधीकधी’ बंद पडणारी गाडी : एका विद्युतदोषाचा अभ्यास

‘कधीकधी’ हा शब्द शिक्षकाला आणि मेकॅनिकला सारखाच छळतो. मुलाला ताप ‘कधीकधी’ येतो, वसतिगृहाचा पाण्याचा पंप ‘कधीकधी’ उचलत नाही, गाडी ‘कधीकधी’ बंद पडते. जी वस्तू पुरती बिघडली ती दुरुस्त करणे त्या मानाने सोपे, कारण ती बिघडलेल्या अवस्थेतच आपल्यासमोर असते. पण तपासायला नेली की शहाण्यासारखी वागते आणि घरी आली की पुन्हा रुसते, अशा वस्तूचे काय करावे? या लेखात आम्ही अशाच एका दोषाचा अभ्यास मांडत आहोत. विषय मोटारीतील विजेचा आहे, आणि मोटारही नेहमीची नव्हे, वय झालेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार आहे. इतिहासाच्या शिक्षकाने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल. आपल्या शाळेतून गेलेली कितीतरी मुले आज वायरमन आहेत, ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, मोटार रिवाइंडिंगची कामे करतात. पालकांतही ही कामे करणारे आहेत. त्यांच्या हातात असलेली विद्या सहसा कागदावर उतरत नाही. ती थोडी तरी उतरावी म्हणून हा प्रयत्न.

प्रथम मोटारीतील विजेचा स्वभाव समजून घेऊ. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. पूर्ण भरलेली आणि विश्रांतीत असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाले आणि अल्टरनेटर वीज देऊ लागला की हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत चढतो. घरातील २३० व्होल्टच्या मानाने हे फारच थोडे. परंतु व्होल्ट थोडे असले की तेवढ्याच कामासाठी प्रवाह मोठा लागतो. घरातील ६० वॉटच्या दिव्याला पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. मोटारीच्या ५५ वॉटच्या एका हेडलाइटला साडेचार अँपिअर लागतात. प्रवाह मोठा असला की वाटेतील लहानसा अडथळाही महाग पडतो. पुढे जे काही सांगायचे आहे ते सारे या एका वाक्यावर उभे आहे.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. विजेला दिव्यापर्यंत जाण्यास एक वाट लागते आणि परत येण्यास दुसरी. मोटार बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच यात काटकसर शोधली. गाडीचे अंग लोखंडी पत्र्याचे; मग परतीची तार वेगळी कशाला? दिव्याचे एक टोक पत्र्याला जोडले, बॅटरीचे एक टोक पत्र्याला जोडले, की झाले. या परतीच्या वाटेला आपले मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. वस्तुतः जमिनीशी तिचा काही संबंध नाही. गाडी तर रबरी टायरांवर उभी असते. पण नाव रूढ झाले ते झाले. आज सर्वत्र बॅटरीचे ऋण टोक अर्थला असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांत मात्र धन टोक अर्थला असे, आणि अशा जुन्या गाडीत नवा रेडिओ विचार न करता जोडणाऱ्यांचे रेडिओ जळत.

तारांच्या रंगांचेही तसेच. इंग्लिश पद्धतीत तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा, सदैव जिवंत प्रवाह. अर्थची तार काळी. जर्मन पद्धतीत तपकिरी तार म्हणजेच अर्थ. एका परंपरेत जे येणे, दुसऱ्या परंपरेत तेच जाणे! जुन्या गाडीत तर मधल्या वीस-पंचवीस वर्षांत तीनचार हात फिरून गेलेले असतात आणि प्रत्येकाने हाताशी होती त्या रंगाची तार लावलेली असते. अशा वेळी रंगावर विसंबणे म्हणजे कागदावर कोणाचा शिक्का आहे एवढे पाहून मजकूर खरा मानण्यासारखे होय.

आता स्पोर्ट्‌स कारकडे येऊ. हलकेपणासाठी आणि थोड्या संख्येत बनवणे परवडावे म्हणून अशा काही गाड्यांचे अंग फायबरग्लासचे करतात. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ पासून अशी आहे. इंग्लंडमधील लोटस एलान १९६० च्या दशकातली. आपल्याकडे बंगळूरची सिपानी डॉल्फिन फायबरग्लासचीच होती. ती मात्र साधी कुटुंबाची गाडी. खऱ्या अर्थाने छोटी, उघड्या छताची, दोन आसनी भारतीय गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. सॅन मोटर्सने ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनवावयास सुरुवात केली. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे, अंग फायबरग्लासचे. फार थोड्या बनल्या आणि आता ज्या उरल्या त्या हौशी मंडळींच्या घरी जपून ठेवलेल्या.

फायबरग्लास वीज वाहत नाही. म्हणून पत्र्याच्या गाडीला मिळणारी परतीची फुकट वाट येथे नाही. प्रत्येक दिव्यापासून, प्रत्येक मोटरपासून काळी तार ओढून ती खालच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर, आणावी लागते. जागा वाचावी म्हणून अशा अनेक तारा एकेका बोल्टखाली एकत्र बांधतात. म्हणजे तारा वाढल्या, सांधे वाढले, आणि एका सांध्यावर अनेकांचे नशीब टांगले गेले. एक बोल्ट सैल झाला तर डावा दिवा, हॉर्न आणि पंखा असे परस्परांशी काहीही नाते नसलेले तीन भाग एकदम आजारी पडतात. पाहणाऱ्यास वाटते की गाडीत तीन दोष आहेत.

आता ‘कधीकधी’चा उलगडा. अधूनमधून येणारा दोष खरे पाहता येत-जात नसतो. सांधा कायमच अशक्त असतो; तो उघडा पडण्याची परिस्थिती मात्र येते आणि जाते. गळके कौल उन्हाळ्यात गळत नाही म्हणून ते चांगले आहे, असे कोणी म्हणत नाही. मोटारीच्या बाबतीत पाऊस म्हणजे चार गोष्टी : उष्णता, हिसके, ओल आणि भार. उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि रिलेच्या आतील सोल्डरची केसाएवढी भेग उघडते. हिसक्याने सैल थिंबल क्षणभर सुटते. ओलीने तांब्यावर हिरवट आणि लोखंडावर तांबडा गंज चढतो, व तो प्रवाहाच्या वाटेत बसतो. भार म्हणजे किती दिवे, पंखे, मोटरी एकाच वेळी चालू आहेत ते. चौथ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि आमच्या मते तीच सर्वांत बोलकी असते.

म्हणून असा दोष शोधणाऱ्याने पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा विचारू नये. ‘केव्हा बिघडते, आणि केव्हा बिघडत नाही?’ हा विचारावा. येथे इतिहासाचा विद्यार्थी घरच्या अंगणात येतो. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात स्थापन झाले. सदाशिव पेठेतील त्याच्या वास्तूत आम्ही एम.ए.च्या काळात मोडी कागद पाहावयास जात असू. पेशवेकालीन पत्रांवर पुष्कळदा महिन्यातील चंद्र असतो, पण साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते. ते लिहिण्याचे कारण नव्हते. मग अभ्यासकाने मजकुरातील वार, मोहिमेचा मुक्काम, कोण हयात आणि कोण गेलेला, यांवरून साल लावावयाचे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या अनेक निष्कर्षांशी आमचे मुळीच पटत नाही, आणि आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचेही पटणार नाही. पण मूळ कागद पाहिल्यावाचून तोंड उघडू नये हा त्यांचा हट्ट आम्ही शिरोधार्य मानतो. ‘गाडी कधीकधी बंद पडते’ हे मालकाचे वाक्य साल नसलेल्या पत्रासारखे आहे. ते खोटे नाही, अपुरे आहे.

सदाशिव पेठेतच अशी एक सॅन स्टॉर्म होती. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर ती कापड घालून ठेवलेली असे, आणि ‘गाडीस हात लावू नये’ अशी पाटीही शेजारी होती; पेठेत पाटी नसती तरच नवल. मालक निवृत्त गृहस्थ, गाडीवर पोटच्या लेकरासारखा जीव. तक्रार अशी की संध्याकाळी टिळक रस्त्यावर गाडी मधूनच आचके देते, हेडलाइट मंदावतात, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, आणि एखाद्या चौकात इंजिनच बंद पडते. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. वर्षभरात वेगवेगळ्या ठिकाणी बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, एक रिलेही बदलला. प्रत्येक वेळी आठवडाभर गाडी बरी चाले आणि पुन्हा तेच.

एवढ्यावर थांबले असते तर ती एका हौशी माणसाच्या खर्चाची गोष्ट झाली असती. पण दोषाला कारण सापडत नाही तेव्हा माणूस कारणाऐवजी माणूस शोधतो. दर रविवारी सकाळी गाडी धुवावयास एक मुलगा येत असे. आपल्याच वसतिगृहातून गेलेला, आयटीआयच्या पहिल्या वर्षाला असलेला. त्याने बॉनेट उघडून पाणी मारले, फ्यूजच्या पेटीत पाणी शिरले, तेव्हापासून हे सुरू झाले, असे मालकांच्या मनाने घेतले. मुलाचे दोन महिन्यांचे पैसे अडकले आणि बॅटरीची किंमतही त्याच्याकडून वळती करण्याची भाषा झाली. मुलगा घरी काही बोलला नाही. तो बोलला आमच्या एका माजी विद्यार्थ्याशी, जो पेठेजवळच ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतो आणि ज्याच्याकडे तो सुटीत हाताखाली असे. त्याच्याकडून ही हकिगत आमच्यापर्यंत आली, आणि पुढील तपासाच्या वेळी आम्ही हजर राहिलो.

आमच्या माजी विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी गाडीला हातही लावला नाही. त्याने मालकांना एक दोनशे पानी वही दिली. “काका, तीन आठवडे गाडी आहे तशीच चालवा. रोज लिहा. किती वाजता निघालात, सुरू करून किती मिनिटे झाली, पाऊस होता का, दिवे-वायपर-पंखा यांतले काय चालू होते, रस्ता कोणता, आणि झाले काय. काहीच झाले नाही, तर तेही लिहा.” मालकांना हे रुचले नाही. तीन आठवडे थांबावयाचे, आणि तेही लिहीत? पण वही ठेवली, आणि ती उत्तम ठेवली. जुन्या पिढीचे अक्षर आणि शिस्त दोन्ही तिच्यात होते.

वहीतील सर्वांत मोलाच्या नोंदी ‘काही झाले नाही’ या होत्या, असे आम्हांस वाटते. दोषाच्या आठ नोंदी मिळाल्या. त्यांपैकी सात संध्याकाळच्या, हेडलाइट चालू असतानाच्या, निघून वीस मिनिटे उलटून गेल्यानंतरच्या आणि गर्दीत रेंगाळतानाच्या. पाऊस त्यांतल्या तीनच वेळी. उलट एका दुपारी गाडी खेड-शिवापूरपर्यंत जाऊन आली, तीही भर पावसात, आणि तिला काहीच झाले नाही. रविवारी धुतल्यानंतर त्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी दोष आल्याची एकही नोंद नव्हती. आठवी नोंद निराळी होती. तिच्याकडे नंतर येऊ.

आता ही कागदपत्रे वाचावयाची कशी? पाऊस हे कारण असते तर खेड-शिवापूरच्या वाटेवर गाडी थांबावयास हवी होती. नुसती उष्णता हे कारण असते तर लांबच्या प्रवासातही इंजिन तापलेले होतेच. मग गर्दीत आहे आणि मोकळ्या रस्त्यावर नाही असे काय? रेडिएटरचा विजेचा पंखा. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो, पंखा क्वचितच लागतो. गर्दीत वारा नाही; निघून वीसेक मिनिटांत पाणी तापते आणि पंखा फिरू लागतो. म्हणजे दोष यावयास दोन गोष्टी एकत्र लागत होत्या : हेडलाइट आणि पंखा. दोन्ही मोठे भार. संशय ज्या वाटेने हे दोन्ही भार परत येतात त्या वाटेवर गेला. अजूनही कोणी पाना हातात घेतला नव्हता.

चौथ्या आठवड्यात तपास झाला. तत्पूर्वी त्या मुलाने एक मागणी केली : “दादा, मी धुतो तसंच पाणी सगळ्यांसमोर मारा.” तसे मारले. दहा मिनिटे बॉनेटवर आणि आत, फ्यूजच्या पेटीच्या दिशेनेही. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि अर्धा तास चालत राहिली. मालक काही बोलणार तोच आमचा माजी विद्यार्थीच म्हणाला, की एकदा घडले नाही म्हणजे घडतच नाही असे नव्हे. पाण्याने फ्यूजच्या पेट्या बिघडतातही. पण ही चाचणी आणि तीन आठवड्यांची वही एकच गोष्ट सांगत असतील तर ती मानावी लागेल. आपल्या बाजूचा पुरावाही अर्धाच आहे हे त्याने स्वतःहून सांगितले, याचे आम्हांस विशेष वाटले.

मग मोजणी. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पूर्वीचे सर्व तपास याच ठिकाणी फसले होते. सामान्यतः काळी तार तपासताना गाडी बंद ठेवून मल्टिमीटरची शिट्टी वाजते का ते पाहतात. वाजली की ‘अर्थ ओके’. परंतु शिट्टी कित्येक ओहमच्या रोधालाही वाजते. ओहमच्या पट्टीवर नेमका आकडा पाहिला, तरी मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. त्याहून लहान रोध त्यात बुडून जातो. शिवाय ही मोजणी करताना मल्टिमीटर तारेतून अगदी नाममात्र प्रवाह सोडतो. वीस काड्यांच्या तारेतील एकोणीस तुटल्या आणि एक उरली, तरी त्या नाममात्र प्रवाहास ती एक पुरते. साडेचार अँपिअरला पुरत नाही.

म्हणून तार बंद अवस्थेत न मोजता काम करीत असताना मोजावयाची. मल्टिमीटर व्होल्टच्या पट्टीवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे हेडलाइटच्या काळ्या तारेवर. परतीची वाट चांगली असेल तर या दोहोंमध्ये जवळजवळ काहीच व्होल्ट दिसता कामा नयेत. पूर्ण भाराखाली ०.१ किंवा फार तर ०.२. इंजिन नुसते चालू असताना आकडा ०.३ च्या आसपास आला. हेडलाइट लावले, १.१. सारे जण पंखा सुरू होण्याची वाट पाहत उभे राहिलो. पंखा घरघरला आणि आकडा दोनच्या वर गेला. लाकडी काठीने त्या भागातील तारांचा जुडगा हलकेच हलवला, तसा आकडा उड्या मारू लागला आणि इंजिनाने तो ओळखीचा आचका दिला. तीन आठवडे वहीत असलेला दोष आता समोर हजर होता.

थोडा हिशोब करू. शाळेतील ओहमचा नियम येथे पुरतो. हेडलाइटचे मिळून नऊ अँपिअर, पंख्याचे सुमारे दहा, पेट्रोल पंपाचे चार, असे तेवीस अँपिअर. दोन व्होल्ट भागिले तेवीस, म्हणजे ०.०९ ओहमच्या आतबाहेर रोध. एवढासा रोध शिट्टीला आणि ओहमच्या पट्टीला सापडण्याजोगा नाही हे आता ध्यानात येईल. पण दोन व्होल्ट गुणिले तेवीस अँपिअर म्हणजे ४६ वॉट उष्णता, आणि तीही एका बोल्टच्या डोक्याखाली. सोल्डरिंगची लहान इस्त्री पंचवीस वॉटची असते. म्हणजे त्या बोल्टखाली जवळजवळ दोन इस्त्र्या पेटलेल्या होत्या. तापल्यामुळे सांधा आणखी ढिला पडे, ढिला पडल्यामुळे आणखी तापे, आणि खड्ड्यात हिसका बसला की क्षणभर सुटे. त्या क्षणी पंप थांबे, इंजिन बंद. पाच मिनिटांत बोल्ट निवला की गाडी पुन्हा सुरू.

बॅटरीचे ऋण टोक सोडवून मग तो बोल्ट काढला. त्याखाली पाच थिंबले एकावर एक रचलेली होती. गाडी बनली तेव्हा एवढी नव्हती. नंतर केव्हातरी, कोणीतरी, म्युझिक सिस्टीम बसवताना तिची अर्थ येथे आणली होती. आणखी कोणी पंपाची तार तुटली म्हणून तीही येथेच बांधली होती. खालचा रंग खरवडलेला नव्हता. वीस-बावीस पावसाळ्यांचा गंज आणि रंग यांच्या थरावर पाच तारा विसावल्या होत्या. ज्यांनी गाडी बनवली त्यांचा यात दोष काढता येणार नाही, आणि नंतर जोड देणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. दुरुस्ती साधीच. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, नवी थिंबले दाबली, दाते असलेला वॉशर घातला, पंपाची तार वेगळी काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाकडे नेली, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावले. आधी लावू नये, सांध्यातच जाऊन बसते. पुन्हा सर्व भार चालू करून मोजले : ०.०६ व्होल्ट.

मग नवी बॅटरी आणि नवा अल्टरनेटर घातल्यावर गाडी आठवडाभर बरी का चालत असे? नव्या वस्तूंनी व्होल्ट थोडे वाढत, आणि काम करताना जुन्या टोकांची घासपूस होई. त्या जोरावर अशक्त सांधा काही दिवस निभावून नेई. प्रत्येक गॅरेजला आपले निदान बरोबर ठरले असे प्रामाणिकपणे वाटले असणार. गाडी सुधारली म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. ज्या वस्तूवर संशय आहे ती पुन्हा बिघडवली की दोष परत यावा, आणि सुधारली की जावा. दोन्ही दिशांनी सिद्ध झाल्याशिवाय निदान पुरे मानू नये. त्या दिवशी बोल्ट पुन्हा अर्धा सैल करून तो आचका एकदा परत आणून दाखवला गेला. मालकांनीच गाडीत बसून तो अनुभवला.

मुलाच्या पैशांचे कोणाला सांगावे लागले नाही. वही मालकांच्या स्वतःच्या अक्षरातली होती, तिच्यावर अविश्वास दाखवणार कसा? त्यांनी ती एकदा चाळली, रविवारच्या नोंदींवर बोट फिरवले, आत गेले आणि पाकीट घेऊन बाहेर आले. दोन्ही महिन्यांचे पैसे होते. मुलाने मोजून घेतले. आमच्या डोळ्यांदेखत मोजून घेतले, याचे आम्हांस बरे वाटले.

हीच पद्धत ज्यांना आपल्या गाडीवर वापरून पाहावयाची आहे त्यांच्यासाठी आणखी थोडे. इंजिन गरम झाल्यावरच बंद पडत असेल आणि दिवे मात्र तेजस्वी राहत असतील, तर अर्थच्या मागे न लागता क्रँकच्या सेन्सरकडे आणि रिलेंकडे पाहावे. संशयित भागावर केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम वारा मारून दोष घडवून आणता येतो. स्टेअरिंग वळवताना वा किल्ली हलवताना विजेचा खेळ होत असेल तर किल्लीच्या स्विचमधील झिजलेले संपर्क किंवा त्यामागील तारा पाहाव्यात. डिकीचे दिवे मधूनच जात असतील तर बिजागरीजवळ, जेथे तार रोज वाकते, तेथे वरचे आवरण शाबूत आणि आतले तांबे तुटलेले सापडते. गाडी उभी राहून बॅटरी उतरत असेल तर तो निराळा आजार. सर्व काही बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्यतः चालतो. अर्धा अँपिअर जात असेल तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सत्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांत रिकामी होईल. एकेक फ्यूज काढून तो आकडा केव्हा पडतो ते पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा चांदी कधीही घालू नये. फायबरग्लासचे अंग एकदा पेटले की विझवणे कठीण असते.

आता त्या आठव्या नोंदीविषयी. ती एका कोरड्या सकाळची होती. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंड, दिवे बंद, पंखा बंद. किल्ली फिरवली तर सेल्फ नुसते ‘कट्’ करून थांबले. तिसऱ्या प्रयत्नाला लागले. हे त्या बोल्टने समजावून सांगता येत नाही. सेल्फची जाड अर्थ-केबल निराळ्या वाटेने जाते आणि तिच्यावरची मोजणी चांगली आली. किल्लीच्या स्विचवर संशय आहे, पण दोष त्यानंतर पुन्हा आलेला नाही, आणि न आलेला दोष मोजता येत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्याने बिलावर ‘अर्थ दुरुस्त केली’ एवढेच लिहिले. ‘सर्व दोष काढले’ असे लिहून देण्यास त्याने नकार दिला. मालकांनी आता वहीच्या नव्या पानावर आखणी केली आहे. सकाळच्या सेल्फचा एक रकाना त्यांनी स्वतःहून वाढवला आहे, आणि रविवारी तो मुलगा गाडी धुऊन झाल्यावर त्याची नोंद आता तोच करतो.